पायथनच्या डिक्शनरीतून तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) भाव कसा काढावा

म्हापशाला काकांची खाणावळ आहे. तिथली बिलं काढायला मी पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला. ‘भाव’ नावाची डिक्शनरी. माशाचं नाव ही की, प्लेटचा दर ही व्हॅल्यू. पायथन ३ ला व्हेरिएबलची नावंसुद्धा देवनागरीत चालतात. गेट, इन, रिप्लेस हे त्याचे स्वतःचे शब्द तेवढे रोमनमध्ये टाइप करा.

सरळ रस्ता चौकटी कंसाचा:

भाव["बांगडा"]

की नसेल तर मात्र की-एरर येतो आणि प्रोग्रॅम तिथेच आडवा होतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून काकांनी इसवणाची ओळच काढून टाकली होती. फ्रीझरमधली शेवटची प्लेट कुणीतरी वाढली, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना स्क्रीनवर एरर.

मग मी हुशारी केली. सगळीकडे चौकटी कंसाऐवजी गेट लावलं आणि की सापडली नाही तर शून्य घे, असं सांगून ठेवलं. (दुसरी किंमत दिलीच नाही तर गेट ‘नन’ देतं, म्हणजे काहीच नाही, त्याला प्लेटांनी गुणायला गेलात की टाइप-एरर.) एरर थांबले. काही दिवसांनी काकांनी बिलं समोर टाकली, “अरे, तिसऱ्या फुकट वाढतोस काय रे?”

तिसऱ्या तर डिक्शनरीत होत्या! डिक्शनरीतला आणि काउंटरवर टाइप केलेला, दोन्ही शब्द डोळ्यांना एकसारखे. लेन लावून मोजले तेव्हा एकात ७ अक्षरखुणा, दुसऱ्यात ८. माझ्या कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं. काउंटरवरचा कीबोर्ड र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर अशी जुळवाजुळव करत होता. स्ट्रिप फक्त कडेच्या मोकळ्या जागा काढतं, याला हात लावत नाही. म्हणून र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी रिप्लेसने ऱ आणि हलन्त घातले, तेही दोन्हीकडे: डिक्शनरी भरताना आणि भाव काढताना.

गेट मी टाकून दिलेलं नाही. ‘तिखट कमी’सारख्या सूचनांच्या डिक्शनरीत ते झकास चालतं, कारण तिथे सूचना नसणं हेही उत्तरच असतं. पैशांना मात्र आधी ‘इन’ने बघायचं:

नाव इन भाव

असेल तर चौकटी कंस. नसेल तर बिल अडतं आणि स्क्रीनवर येतं, ‘काकांना विचारा’. दुपारी दीडच्या गर्दीत काका त्यावरून मला अजून शिव्या घालतात.