जुनी जीप नव्यासारखी करायचीय? कोकणात आधी पत्र्याचा हिशोब मांडा

आमच्या दापोली-हर्णै पट्ट्यात कोणी जुनी जीप घेतली की पहिला प्रश्न असतो इंजिनला किती लागेल, पण खरा पैसा खातो तो पत्रा. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं प्यूजोचं डिझेल इंजिन पूर्ण उघडलं, बोअर, क्रँक, हेड सगळं करून घेतलं तरी ते एकूण खर्चाच्या पाव भागात बसलं, आणि चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), पत्राकाम, रंग यात अर्ध्याहून जास्त गेले.

कारण मीठ. हवेत दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की पत्र्यावर बसलेलं मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी पडवीत झाकून ठेवली तरी सांध्यांमधे ओल राहतेच आणि गंज आतून खात जातो. त्यात गाडी आधी मासळी वाहायची असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं फ्लोअरमधून चेसिसवर उतरलेलं असतं, अशी गाडी फुकट मिळाली तरी मी दहादा विचार करीन.

म्हणून टोकन द्यायच्या आधी लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली आहे. मग गाडीखाली जा आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि बॉडी माउंट जिथे चेसिसला बसतात तिथे हातोडीने हलकं ठोका. टणटण वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला आणि पापुद्रे सुटायला लागले तर चेसिसचा तेवढा तुकडा कापून नवीन घालायचा खर्च आत्ताच किमतीतून कमी करून मागा.

हाय-एंड काम म्हणजे बॉडी चेसिसवरून पूर्ण उचलायची, ती न उचलता केलेलं ते फक्त रंगकाम. बाहेरच्या देशात टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझर एफजे ४० चं असं काम लाखभर डॉलरच्या पुढे सहज जातं ते मुख्यतः मजुरीच्या तासांमुळे, आपल्याकडे मजुरी स्वस्त असली तरी तास तेवढेच लागतात. तयार नवीन बॉडी हवी तर हरियाणातल्या डबवालीहून मागवता येते, पण पत्र्याचं गेज म्हणजे जाडी आधी विचारा, पातळ पत्रा इथे टिकणार नाही.

सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढणं) दिवाळीनंतरच करा, आणि चेसिस नंबरवर जाड टेप लावल्याशिवाय अजिबात नाही, नंबर पुसट झाला तर आरटीओत फार त्रास होतो. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसलाच पाहिजे. माझ्या पहिल्या पेंटरने ऐन ऑगस्टमधे तांबूस झाक आलेल्या मडगार्डवर तशीच लांबी ओढली, पुढच्या पावसात रंगाला मटारएवढे फोड आले, नखाने दाबला की आतून लाल पाणी यायचं, सगळं खरवडून परत करावं लागलं.

अजून एक, पत्राकाम उक्तं देऊ नका. किती सडलंय ते कापल्यावरच कळतं आणि उक्त्यात ठरलेल्या पैशात बसवायला मग लांबीच वापरली जाते, त्यापेक्षा रोजावर द्या, रोज संध्याकाळी फोटो मागवा आणि अंदाजाच्या वर तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. गणपती आणि शिमग्यात गॅरेज बंद, तेही धरा.

कागदांचा खर्च वेगळा. २० वर्षांवरच्या गाडीची आरसी रिन्यू करायला २०२५ पासून १०,००० रुपये फी आहे, शिवाय ग्रीन टॅक्स. ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपातली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी २०,००० मधे होते पण मग ती रोज वापरता येत नाही. दुसरं इंजिन टाकायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या.

आणि काम झाल्यावर चेसिसच्या पोकळीत वॅक्स मारून घ्या, किनाऱ्यावर नेलीत तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, आणि मे महिन्यात फ्लोअरची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, माझ्या गाडीत दरवर्षी तिथून वाटीभर वाळू निघते.