गावातल्या भिंतीवर जात अन् बाईचा प्रश्न कसा रंगवायचा

पहिले ब्रश नका घेऊ, वही घ्या अन् मोजा. १९८९ ला न्यूयॉर्कमध्ये गुरिल्ला गर्ल्स नावाच्या बायांच्या ग्रुपनं हेच केलं, मोठ्या म्युझियममध्ये जाऊन मोजलं तर आधुनिक कलेच्या विभागात बाई कलाकार ५ टक्क्यांच्याही खाली अन् नग्न चित्रांत ८५ टक्के बायाच, तेच आकडे पोस्टरवर छापले. आपल्याकडं सातबारे बघा किती बायांच्या नावावर आहेत, कोणत्या वस्तीत नळ शेवटी पोहोचला, स्मशानभूमी एक आहे का वेगवेगळ्या.

मग एकच गोष्ट निवडा. बीडकडून ऊसतोडीला जाताना नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात पण उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, बहुतेक वेळा नवऱ्याच्याच हातात पडतात, तर एक कोयता, चार हात अन् नोटा दोनच हातांत, एवढं काढलं तरी कुणालाही कळतं. रडणारी बाई प्लीज नका काढू, कंटाळा आलाय तिचा. अन् ज्यांचं दुखणं आहे त्यांना स्केच आधी दाखवा, त्या नको म्हणल्या तर बदला, ओळखू येईल असा चेहरा तर काढूच नका.

मालकाकडून लेखी परवानगी घ्या. भिंत खरवडून धुवा, चुना मारून पूर्ण वाळू द्या. कागदावर १ इंचाचे चौकोन पाडा अन् भिंतीवर सुतळीनं १ फुटाचे, एकेक चौकोन कोळशानं उतरवत चला, प्रमाण चुकत नाही. उन्हाळ्यात सकाळीच रंगवा, दुपारी ब्रशवरच रंग वाळायलाय. अक्षरं मोठी, रस्त्यावरून वाचता येतील अशी.