सायलेन्सरचा माल भरण्याआधी गाडीतळावर एक चक्कर

सांगलीत माझं ट्रक-टेम्पोच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. नव्या गाड्यांचा खप वाढला की माल भरा, असं प्रत्येक सेल्समन सांगतो. त्याचं ऐकू नका. नवी गाडी वॉरंटी असेपर्यंत शोरूमलाच जाते. बीएस-६ हा गाडीच्या धुराचा नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाला, म्हणजे त्या पहिल्या गाड्या आत्ता कुठं आपल्या काउंटरला यायला लागल्यात. पुढच्या दोन-तीन वर्षांचा धंदा त्यांच्यावर आहे.

किती माल लागेल हे घरात बसून कळत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की वही घेऊन कारखान्याच्या गाडीतळावर सकाळचे दोन तास काढा. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची लहान टाकी दिसली की एक रेघ मारायची. ती युरियाची गाडी, म्हणजे धूर साफ करायला युरियाचं पाणी वापरणारी. अशा गाडीला धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे बहुतेक दोन नॉक्स सेन्सर असतात, एक एससीआरच्या (युरियानं तो वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी आणि एक नंतर. मी मोजलं तेव्हा पान भरलं आणि पुढच्या महिन्यात सेन्सरची ऑर्डर वाढवली. ट्रॅक्टरवाल्याला मात्र आधी एचपी विचारा. ट्रेम-४, म्हणजे ट्रॅक्टरसाठीचा धुराचा नियम, जानेवारी २०२३ पासून आला तो ५० एचपीच्या वरच्यांना. त्याखालच्यासाठी हा माल भरू नका.

गाडीतळावर अजून एक गोष्ट दिसते. नंबर लागेपर्यंत गाड्या तासन् तास सुरूच ठेवतात. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, ती जागेवर उभ्या गाडीत कुठून येणार? म्हणून आमच्या भागात डीपीएफ हायवेच्या गाडीपेक्षा लवकर तुंबतो. प्रेशर सेन्सर आणि त्याच्या रबरी नळ्या जास्त ठेवा. अख्खा डीपीएफ मात्र गिऱ्हाईक ॲडव्हान्स देईल तेव्हाच मागवा.

युरियात मी स्वतः मार खाल्लाय. स्वस्त मिळाले म्हणून मार्चमध्ये बरेच कॅन घेतले आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. २५ अंशांत दीड वर्ष टिकणारा माल ३५ अंशांत जेमतेम सहा महिने टिकतो, आणि आमचा पत्रा मे महिन्यात हात लावू देत नाही. दिवाळीनंतर एक ड्रायव्हर तक्रार घेऊन आला. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे युरियाचं प्रमाण दाखवणाऱ्या यंत्रावर, थेंब टाकून बघितला, तर ३२.५ टक्के या योग्य प्रमाणाच्या रेघेवर काही येईना. तेव्हापासून कॅन तळमजल्यावर, सावलीत आणि महिन्याला संपतील एवढेच.

फिटर मंडळींना एक विनंती. युरिया फवारणाऱ्या नोझलच्या तोंडाशी मिठाच्या ढेकळासारखा पांढरा थर दिसला की लगेच सेन्सर बदलायला सांगू नका. कोमट पाण्यानं तो थर बऱ्याचदा विरघळतो. नाहीतर सेन्सर परत येतो, आणि पैसे परत द्यायची पाळी माझ्यावर.

पेट्रोल आणि सीएनजीच्या कॅटचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, साठा करू नका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. २०२१ मध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं, दोन-अडीच वर्षांत पाचव्या हिश्श्याच्याही खाली आलं. चढ्या भावात भरलेला माल मग घरातच राहतो. स्वस्तातला कॅटही नको. पोळ्यासारखी जाळी अस्सल दिसते, पण धातूचा थर नावालाच. एका व्यापाऱ्यानं मला तसे तीन गळ्यात मारले. तिन्ही गाड्या महिन्याच्या आत पी-०४२० (कॅट नीट काम करत नाही) हा कोड घेऊन परत आल्या. रिक्षाच्या सायलेन्सरचं तर मी बंदच केलंय. मिरज स्टेशनबाहेर उभं राहून बघा, बॅटरीवाल्या किती झाल्यात.

राहिली साठवण. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत दुकानात पाणी होतं. सायलेन्सर धुऊन विकता आले. सेन्सर भंगारात गेले. आता सेन्सर माळ्यावर असतात, आणि माळ्यावर मावतील तेवढेच मी घेतो.