पायाला कळतंय का? घरच्या घरी संवेदना तपासण्याची रीत

मे महिन्यात भर दुपारी कातळावर अनवाणी पाऊल पडलं की पाय आपोआप उचलला जातो. ज्याचा उचलला जात नाही आणि संध्याकाळी तळव्याला फोड मात्र दिसतो, त्याच्या पायाची तपासणी व्हायलाच हवी. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल तर हा फोड, कालवाच्या शिंपल्याने झालेला काप किंवा करवंदीचा काटा दोन-दोन दिवस लक्षात येत नाही. दुखत नाही म्हणून दाखवायलाही कोणी जात नाही, आणि जखम चिघळते ती इथेच.

पुढची तपासणी दोन-चार मिनिटांची आहे, तिला उपकरण लागत नाही. मात्र संवेदना कुठून कुठे जाते हे थोडं माहीत असलं तरच निकालाचा अर्थ लागतो.

वाट कशी आहे

मेंदू आणि मज्जारज्जू हा मज्जासंस्थेचा मध्यवर्ती भाग. मेंदूपासून १२ आणि मज्जारज्जूपासून ३१ जोड्या मज्जातंतू निघून अंगभर पसरतात. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श नेणारी चेतापेशी अंगठ्यापासून पार मेंदूच्या देठापर्यंत, म्हणजे मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो तिथपर्यंत, एकच असते. तिचं केंद्र मज्जारज्जूलगतच्या छोट्या गाठीत, एक टोक अंगठ्यात आणि दुसरं थेट मेंदूच्या देठात. केंद्रापासून अंगठा साधारण मीटरभर लांब. टोकाला लागणारी प्रथिनं केंद्रातच तयार होऊन तिथपर्यंत पोचवावी लागतात, त्यामुळे रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सगळ्यात लांबचं टोक आधी निकामी होतं. मधुमेहातला बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि गुडघ्याच्या आसपास चढेपर्यंत हाताच्या बोटांपर्यंत येतो, त्याचं कारण हेच.

तंतू जाड आणि बारीक असे दोन जातींचे. जाड तंतू हलका स्पर्श, कंप आणि सांध्याची स्थिती नेतात, सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने. मज्जारज्जूत शिरल्यावर ही वाट त्याच बाजूने वर चढते आणि मेंदूच्या देठात बाजू बदलते. बारीक तंतू वेदना आणि ऊन-गार कळवतात. त्यांतले काही सेकंदाला ५ ते ३० मीटर जातात, तर सगळ्यात बारीक जेमतेम अर्धा ते दोन मीटर. ही वाट मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच पलीकडे जाते. शेवटी दोन्ही वाटा थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रामधून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या संवेदनापट्टीत पोचतात. उंबरठ्याला करंगळी आपटली की आधी आपटल्याचं कळतं, मग कळ येते आणि सेकंदभराने ठणका सुरू होतो, तो या वेगांच्या फरकामुळे.

स्पर्शाची तपासणी फक्त जाड तंतूंबद्दल सांगते. त्यात पास झालेल्या माणसालाही चटका न कळणं शक्य आहे. आणि पायाची आग होते म्हणजे संवेदना शाबूत आहे, असं तर मुळीच नाही. आग आणि बधिरपणा एकाच पायात सुखाने नांदतात. ४३ अंशांच्या आसपासची उष्णता ओळखणारा तंतूंवरचा ग्राही (संवेदना टिपणारा भाग) मिरचीतल्या कॅप्सेसिननेही चेततो. (या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) पायाच्या आगीवर डॉक्टर कधीकधी कॅप्सेसिनचंच मलम देतात. म्हणून घरची मिरची वाटून लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सहा बोटांची तपासणी

चिखलातून किंवा गार पाण्यातून आल्या आल्या करू नका. गार त्वचेला स्पर्श कमी कळतो. पाय धुऊन कोरडे करा, पंधरा मिनिटं जाऊ द्या. माणूस आडवा, पाय सरळ, मोजे काढलेले. आधी एकेक पाय घट्ट धरून ‘हा उजवा, हा डावा’ असं सांगा. मग घरच्या भाषेत एकदाच समजवा: ‘आजये, डोळे मिट. खयच्या पायाक हात लागलो, उजव्या काय डाव्या, ता सांग.’

तर्जनीच्या टोकाने बोटाच्या शेंड्याला अलगद स्पर्श करा, एक ते दोन सेकंद. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरांकडे जा. एकच चुकलं तर पुढच्या भेटीत आठवणीने सांगा.

ही तपासणी बहुतेक वेळा बिघडते ती करणाऱ्याच्या हातून. कळलं नाही की माणूस जोर लावतो. दाबल्यावर सांधा हलतो आणि माणूस सांध्याच्या हालचालीवरून बरोबर उत्तर देतो, त्वचा बधिर असली तरी. चोळणं आणि टिचकी मारणंही नको. बोट जास्त वेळ टेकवून ठेवलं तरी फायदा नाही, कारण स्पर्शाचे बरेच ग्राही सुरुवातीलाच बोलतात आणि गप्प होतात. हातातली अंगठी दिवसभर जाणवत नाही ती म्हणून. ‘आता लागलं का?’ असं विचारलं की उत्तर आपण दिलेलंच असतं. ठरावीक तालात स्पर्श केला तर तालावर उत्तरं येतात, तेव्हा मधलं अंतर कमी-जास्त ठेवा. चुकलेलं बोट पुन्हा तपासू नका. घट्ट्यावर तपासणी करू नका. मोबाइलचं व्हायब्रेशन लावून पाहण्याची युक्तीही सोडा, त्याने अख्खं पाऊल थरथरतं. दवाखान्यात १२८ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) आणि बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू वापरतात तो याचसाठी.

ऊन-गार पाहायचं तर स्टीलच्या दोन वाट्या घ्या, एकीत साधं पाणी आणि दुसरीत फ्रिजचं. बाहेरून पुसून पावलाच्या वरच्या बाजूला दोन-दोन सेकंद टेकवा आणि गार कुठली ते विचारा. ही अंदाजाची चाचणी आहे. गरम वस्तूने ती कधीही करू नका.

सांध्याची जाणीव गेल्याची खूण घरात आपोआप दिसते. चूळ भरताना डोळे मिटले की तोल जातो, रात्री दिवे गेल्यावर पडवीतून न्हाणीघराकडे जाताना भिंत धरावी लागते, कापसावरून चालल्यासारखं वाटतं.

बधिरपणाचा नकाशा वाचा

दोन्ही पायांत मोज्यासारखा बधिरपणा असेल तर मधुमेह, दारू किंवा बी-१२ ची कमतरता. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावं, कारण त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि दोष सगळा साखरेला दिला जातो. कंबरेतून कळ येऊन एकाच पायाचा अंगठा आणि पावलाची वरची बाजू बधिर झाली असेल तर कमरेच्या पाचव्या मज्जातंतूच्या मुळावर दाब असण्याची शक्यता; करंगळी आणि बाहेरची कड असेल तर त्याखालच्या, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या मुळावर. फिकट किंवा लालसर चट्टा आणि नेमकी तेवढीच जागा बधिर, हे कुष्ठरोगाचं लक्षण. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. चेहरा, हात, पाय एका बाजूने अचानक बधिर किंवा लुळे पडले तर १०८ ला फोन आणि थेट सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय, कारण गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बैठकीची जागा बधिर होऊन लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय.

बधिर पाय घेऊन कोकणात राहायचं तर

लावणीला गमबूट, आणि घालण्याआधी आत हात फिरवून खडा किंवा किडूक नाही ना पाहणं. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा आरशात बघा. कालवं काढायला खडपात जाड तळव्याची पादत्राणं. बंबाचं पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा.

शिंगाळा माशाचा काटा किंवा पाकट माशाची नांगी लागली तर पाय गरम पाण्यात बुडवतात, आणि ते बरोबरच आहे: विष उष्णतेने निकामी होतं. पण पाणी ४५ अंशांच्या वर नको. ते ज्याचा पाय बधिर आहे त्याने ठरवायचं नाही. दुसऱ्याने आपला हात त्याच पाण्यात सोबत ठेवायचा. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं, म्हणून नंतर दवाखाना चुकवू नका.

कुरूप ब्लेडने कापू नका, कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी, म्हणजे कॉर्न कॅपही लावू नका. त्यातलं सॅलिसिलिक आम्ल आजूबाजूची चांगली त्वचाही खातं, आणि पाय तक्रार करत नाही.