भयकथेत फिजिक्स घालायचंय? मग आधी भुताला सुट्टी द्या

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि रात्री भयकथा लिहितो, म्हणजे दोन्हीकडे लोकांना घाबरवायचाच धंदा, असं आमच्या घरी म्हणतात. पहिली कथा एका दिवाळी अंकाला पाठवली होती, त्यात भूत क्वांटम टनेलिंग (सूक्ष्म कण अडथळ्यातून आरपार जातात, तो प्रकार) करून भिंतीतून यायचं. साभार परत आली, वर पेन्सिलीने एकच ओळ: "भूत भिंतीतून आधीपण येतच होतं की." बरोबरच होतं त्यांचं. त्यानंतर धडपडत जे काय शिकलो ते लिहितोय.

पहिलं म्हणजे फिजिक्सचे शब्द उसने घेऊ नका, नियम घ्या. क्वांटम, डायमेन्शन, कॉस्मिक एनर्जी असले शब्द आले की वाचक ओळखतो, लेखकाला पुढचं सुचलेलं नाहीये. नियम कसा कामाला लावायचा बघा. इंग्लंडमधल्या विक टॅंडी नावाच्या इंजिनियरने १९९८ साली एक पेपर लिहिला. लॅबमध्ये रात्री एकटा असताना त्याला थंड घाम फुटायचा, आणि एकदा तर डोळ्याच्या कोपऱ्यात करडं काहीतरी दिसलं, वळला तर गायब. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीचं पातं व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, पकडून ठेवलं तर ते आपलं आपणच थरथरायला लागलं! निघाला काय, तर नवा बसवलेला एक्झॉस्ट फॅन. त्याचा १९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांच्या, आसपासचा आवाज, आणि २० च्या खालचं आपल्याला सहसा ऐकू येत नाही. आता अशा आवाजाने भूत दिसतंच असं काही सिद्ध झालेलं नाहीये, पण कथेला तेवढा पुरावा लागतो कुठे.

मग कागद-पेन घ्या. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले १९, म्हणजे लाट झाली साधारण १८ मीटरची, आणि दोन भिंतींमध्ये तिची अर्धी मावली की खोली घुमते, म्हणजे ९ मीटर, तीसेक फूट. झालं, तुमच्या वाड्याचं माजघर तीस फूट लांब करा. अशा खोलीत हवा सगळ्यात जास्त हलते ती मधोमध, भिंतीजवळ जवळपास नाहीच. तुमच्या नायिकेच्या हातात पत्र्याची एक पातळ लांब पट्टी द्या आणि तिला माजघरातून चालवा. दाराशी पट्टी शांत, मधे आली की थरथर, देवघराच्या भिंतीशी गेली की परत शांत. ती घाबरून देवघराशीच जाऊन बसणार की नाही? वाचकालाही वाटणार देवानेच वाचवलं. फॅनचा उल्लेख पानभर तरी करू नका.

दुसरं, आणि माझ्या मते खरी भीती इथेच आहे: भुताशी तोडपाणी करता येतं. नारळ द्या, लिंबू उतरवा, कोंबडं कापा, काहीतरी जमतं. नियमाशी नाही जमत. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ च्या सप्टेंबरमध्ये दोघांनी एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून रेडिओथेरपीच्या मशीनचा भाग काढून नेला आणि भंगारवाल्याला विकला. रात्री भंगारवाल्याला दिसलं की आतून निळा उजेड येतोय. त्याला काहीतरी दैवी, मौल्यवान वाटलं, त्याने नातेवाईकांना, मित्रांना बोलावून चिमूट चिमूट वाटलं, लोकांनी अंगाला चोळलं, सहा वर्षांच्या एका पोरीने त्याच हातांनी खाल्लं. सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ होता तो, अख्खी पावडर शंभर ग्रॅमसुद्धा नव्हती. चार माणसं गेली, लाखाच्या वर लोकांची तपासणी करावी लागली, आणि त्या पोरीला शिशाच्या पेटीत पुरताना लोकांनी दगडफेक केली. कुणीच वाईट नव्हतं हो यात, प्रसाद वाटावा तसं वाटलं. आपल्याकडे दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये असंच किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० निघालं, तेव्हाही एकाचा जीव गेला.

असलं काही घेतलंत तर हाफ-लाइफ, म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणारा काळ, विसरू नका. सीझियमची तीसेक वर्षं, म्हणजे आजोबांनी ट्रंकेत ठेवलेलं नातवापर्यंत साठेक वर्षांनी येताना फक्त चौथाई होतं, संपत नाही. शापाचा याहून चांगला हिशोब मला तरी माहीत नाही.

तिसरं, बातम्या. पेपरातून माणसं उचलू नका, त्यांच्या घरचे अजून रडत असतात. यंत्रणा उचला. दर हिवाळ्यात आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने कुणीतरी गेल्याची बातमी येते. सिलिंडरच्या गॅसला वास असतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो, पण ऑक्सिजन कमी पडून गॅस अर्धवट जळाला की होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय साथ देत नाहीत, आणि कडी आतून लावलेली. लिहिताना "मृत्यूची सावली" वगैरे नको. थंडी येते म्हणून खिडकीच्या फटीत कोंबलेला पेपर दाखवा, गिझरची निळी ज्योत हळूहळू पिवळी होताना दाखवा, बास.

शेवटी कच्चा खर्डा घरच्यांना रात्री मोठ्याने वाचून दाखवा. मी गिझरवालीच वाचत होतो, पिवळ्या ज्योतीपर्यंत आलो आणि बायको काही न बोलता उठली, बाथरूमच्या खिडकीत दोन वर्षं कोंबलेला पुठ्ठा काढून आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. कथेत मी त्यानंतर एक शब्दही बदलला नाही.