लायगेशन फसतंय? या चुका टाळा

लायगेशन, म्हणजे डीएनएचे दोन तुकडे जोडणं, फसलं की पहिला आळ लायगेजवर, म्हणजे जोडणाऱ्या एन्झाइमवर येतो. ‘मॅडम, एन्झाइम गेलंय, नवीन मागवू या.’ एन्झाइम सहसा ठणठणीत असतं, गेलेला असतो बफर, म्हणजे ते ज्यात काम करतं ते द्रावण. टी4 लायगेजला दोन तुकडे सांधायला एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन लागतं आणि ते बफरमध्येच असतं. तीच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की एटीपी निकामी होतं. बफर आला की मी त्याच दिवशी 10-10 मायक्रोलिटरच्या ट्यूबा भरून ठेवते. उघडलेली ट्यूब परत फ्रीजरमध्ये जात नाही.

जोडलेलं डीएनए जिवाणूंच्या पेशींत टाकून त्या प्लेटवर वाढवायच्या असतात. माझा खरा राग आहे कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठीची प्लेट, गाळणाऱ्यांवर. आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या एका मुलाच्या प्लेटवर कॉलन्यांचा, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्यांचा, नुसता सडा पडला होता. पोरगं हरखून गेलं. कंट्रोल एकही नाही! मिनिप्रेप करून, म्हणजे पेशींतलं प्लाझ्मिड (छोटं गोल डीएनए) काढून, कापून जेलवर चालवलं, तर प्रत्येक लेनमध्ये रिकामं व्हेक्टर: वाहक प्लाझ्मिड आहे, पण त्यात जोडायचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, नाही. मग कापलेलं व्हेक्टर लायगेज न घालता पेशींत टाकायला लावलं. कॉलन्या जवळपास तेवढ्याच. म्हणजे प्लाझ्मिड पुरतं कापलंच गेलं नव्हतं. डायजेशन, म्हणजे एन्झाइमने कापणं, घाईत उरकलेलं, वर डीएनएचा बँड (पट्टा) जेलमधून न काढता थेट शुद्धीकरणाच्या कॉलमवर चढवलेला. गोल प्लाझ्मिड पेशींत सरळ तुकड्यापेक्षा कितीतरी सहज शिरतं आणि टिकतं, त्यामुळे न कापलेलं चिमूटभर उरलं तरी प्लेट भरते.

म्हणून तीन प्लेटा हव्यातच. न कापलेलं प्लाझ्मिड: पेशी चांगल्या आहेत का ते कळतं. कापलेलं व्हेक्टर, लायगेजशिवाय: डायजेशन कळतं. व्हेक्टर आणि लायगेज, इन्सर्टशिवाय: व्हेक्टर स्वतःशीच जुळतंय का ते कळतं. जुळत असेल तर फॉस्फेटेज, म्हणजे टोकांचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम, वापरा.

1972 मध्ये स्टॅनफर्डला पॉल बर्ग यांच्या गटाने एसव्ही40 विषाणूच्या डीएनएला लॅम्डा फाज या जिवाणूंच्या विषाणूची आणि ई. कोलाय जिवाणूची जीन्स जोडली, तेव्हा टोकांना ए आणि टी या बेसच्या शेपट्या लावण्यापासून सगळी तयारी त्यांनाच करावी लागली होती. आज सगळं किटमध्ये मिळतं, तरी मुलांना पायऱ्या गाळायच्याच असतात. मला हे अजिबात पटत नाही.

बँड कापताना यूव्हीवर रेंगाळू नका. 302 नॅनोमीटरच्या प्रकाशात शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात आणि डीएनए खराब होतं. मी 365 नॅनोमीटर लावते, ब्लेड आधीच हातात धरते.

व्हेक्टर-इन्सर्टचं 1:3 प्रमाण रेणूंचं असतं, नॅनोग्रॅमचं नव्हे. पीसीआर प्राइमरमध्ये (इन्सर्टच्या प्रती काढायला लागणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यात) कापायच्या जागेपुढे चार-सहा बेस जास्तीचे ठेवा. अगदी टोकाशी एन्झाइमला पकड मिळत नाही. कापणारं एन्झाइम डायजेशनच्या एकूण मिश्रणाच्या एक दशांशापेक्षा जास्त ओतू नका. त्याच्यासोबत येणारं ग्लिसरॉल वाढलं की इकोआरआयसारखं एन्झाइम भलत्याच जागी कापतं. अँपिसिलिन या अँटिबायोटिकच्या प्लेटा दोन-दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका. तेवढ्यात मोठ्या कॉलनीभोवती उगवलेल्या बारीक कॉलन्यांत प्लाझ्मिड नसतं, त्या उचलू नका.