कुत्र्याची जात बघून उन्हाळा काढताय? या चुका टाळा

होळी झाली की नागपुरात माझा फोन वाजायला लागतो. कुत्रा जेवत नाही, सारखा धापतो, परवा अचानक अंगावर धावून आला, त्याचे केस काढून टाकू का... मी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करतो, डॉक्टर नाही. पण डॉक्टरकडे जायच्या आधी लोक मला विचारतात आणि दरवर्षी त्याच चुका ऐकून आता खरोखर वैताग येतो. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: समोरच्या कुत्र्याकडे कुणी बघत नाही, त्याच्या जातीच्या नावाकडे बघतात. रॉटवायलर आहे, बांधून ठेवा. हस्की आहे, एसीत कोंडा. गावठी आहे, राहील उन्हात. त्रास तिघांनाही होतो.

"डेंजर जात आहे" म्हणून तोंड आवळणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडासा येतो, बाकी सगळा भार धापण्यावर. तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो, जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी उडतं आणि तेवढं अंग थंड होतं. बाजारात मिळणारा नायलॉनचा घट्ट पट्टेवाला मझल, म्हणजे तोंडाला बांधायची मुसकी, हे तोंडच बंद करतो. डॉक्टरकडे इंजेक्शनच्या दोन मिनिटांपुरता तो ठीक आहे. उन्हाळ्यात तो घालून कुत्र्याला बाहेर नेणं म्हणजे त्याचा अंग थंड करण्याचा रस्ताच बुजवणं.

मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं. 23 जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवा, नवे परवाने देऊ नका, जे आधीपासून पाळलेले आहेत त्यांची नसबंदी करा, असा त्याचा मजकूर. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशी नावं त्यात होती. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि एका सोसायटीत, जिथे मी शिकवायला जायचो, तिथल्या रॉटवायलरचे दिवस फिरले. वयाने चांगला मोठा, लिफ्टमध्ये कोपऱ्यात बसणारा, कुणाच्या अंगावर कधी न गेलेला नर. कमिटीने नियम काढला: कायम मझल, लिफ्ट बंद, आणि सकाळ-संध्याकाळ मुलं खेळतात म्हणून कुत्र्याला दुपारी एक ते चारच्या मध्ये खाली आणायचं. नागपुरात. एप्रिलच्या शेवटी.

घरच्या काकूंनी भांडण नको म्हणून ऐकलं. मी पोचलो तेव्हा तो पार्किंगबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर आडवा पडला होता, तोंडावर नायलॉनचा मझल तसाच. आत लाळ चिकट होऊन साचलेली. वॉचमन दुरून बघत होता आणि एक गृहस्थ मोठ्याने सांगत होते, "हात नका लावू, पिसाळलाय तो." मझल काढला तर हिरड्या गडद लाल. गाड्या धुवायचा नळीपाईप ओढून त्याला पोटाखालून, मांड्यांतून, मानेपासून भिजवत राहिलो. काकूंनी पुठ्ठ्याने वारा घातला. थर्मामीटर लावला तर 107 फॅरनहाइट. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 असतं. तो वाचला, पण दवाखान्यात सलाइनवर राहून आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करून.

ज्याला पिसाळलेला म्हणत होते, त्याला ऊन लागलं होतं. आणि ऊन लागेपर्यंत त्याला बाहेर ठेवायचं कारण त्याच्या जातीची भीती होती. याला मी अपघात म्हणत नाही.

ज्या पत्रावरून हे सुरू झालं, ते एप्रिल 2024 मध्येच आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं, संबंधितांचं म्हणणंच ऐकून घेतलं नव्हतं म्हणून. ही दुसरी बातमी मात्र सोसायट्यांच्या ग्रुपवर कुणी टाकत नाही. पाळीव कुत्र्यावर सोसायटीने बंदी घालू नये, लिफ्ट नाकारू नये, असं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याची एक प्रत घरात छापून ठेवा.

जातीवरून स्वभाव ठरवणाऱ्यांसाठी अजून एक. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. 18,000 हून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती आणि 2,000 हून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासले होते. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून फक्त 9 टक्क्यांच्या आसपास समजावता आला. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी उठवायचं 2008 मध्ये ठरवलं, कारण तिने चावे कमी झाले नव्हते.

याचा अर्थ रॉटवायलर म्हणजे मांजर, असा नाही. जबडा मोठा, वजन पन्नास किलोकडे, त्याची एक चूक आणि पॉमेरेनियनची एक चूक सारखी महाग पडत नाही. म्हणूनच ज्यांना शिकवायला वेळ नाही, त्यांनी तो आणूच नये. ज्यांनी आणला आहे त्यांनी पट्टा हातात, रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचा परवाना, यात कसूर करायची नाही. शेजाऱ्यांची भीती खोटी नसते, तिचा मान ठेवा. मझल वापरायचाच तर जाळीचा, टोपलीसारखा घ्या, ज्यात कुत्रा तोंड पूर्ण उघडून धापू शकतो आणि पाणीही पिऊ शकतो. मी त्याची सवय डिसेंबरमध्येच लावायला घेतो. आतून दही लावायचं, कुत्र्याला स्वतःहून नाक घालू द्यायचं, पट्टा लगेच आवळायचा नाही. लोकांना हे सगळं रविवारी संध्याकाळी एका तासात हवं असतं. तसं होत नाही. घाई केली की कुत्रा मझल बघूनच गुरगुरायला लागतो आणि मग पुन्हा जातीला दोष.

त्या सोसायटीतला तो रॉटवायलर आता पहाटे पाचला उतरतो, लिफ्टनेच.

"गावठी आहे, काही होत नाही जी"

हे वाक्य मी इतक्या गच्च्यांवर ऐकलं आहे! वर सिमेंट-पत्र्याची शेड, तीन हात साखळी, बाराला कोरडं पडलेलं भांडं. आणि मालक सांगतो, रस्त्यावरचे राहतातच की.

रस्त्यावरचा कसा राहतो ते एकदा दुपारी बघा. तो नाल्याच्या ओलीत उतरतो, उभ्या गाडीखाली सरकतो, कडुनिंबाखाली पंजाने वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीत पोट टेकतो. ऊन सरकलं की तोही सरकतो. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड, अंग सडपातळ, नाक लांब. ही ठेवण या हवेला जुळणारी आहेच. पण तो तगतो तो मुख्यतः जागा निवडू शकतो म्हणून. साखळी बांधली की नेमकं तेच काढून घेतलं. तापलेल्या पत्र्याखाली बांधलेला गावठी आणि बांधलेला लॅब्राडोर, दोघांनाही ऊन लागतं.

आणि दिवसभर तापून, तहानून बसलेला कुत्रा संध्याकाळी भांडं उचलायला गेलेल्या पोरावर गुरगुरला, की घरात ठरतं, "शेवटी गावठीच, चावरा." मला असे कुत्रे "सुधारायला" पाठवतात. मी पहिले काही दिवस काहीच शिकवत नाही. सावली, पाणी, खाली जमीन, रात्री मोकळं अंगण. बहुतेकांचं गुरगुरणं तिथेच निम्म्यावर येतं.

देशी शिकारी कुत्र्यांचंही तेच. लातूर, सोलापूरकडची कारवानी, पश्मी ही आपली जुनी जात. शेजारच्या मुधोळच्या हाउंडचं चित्र तर 2005 साली टपाल तिकिटावर आलं आणि पुढे लष्कराने मेरठला त्याला प्रशिक्षण दिलं. म्हणून पोरं त्याला अकरा वाजता मोटारसायकलमागे पळवतात. पळताना स्नायूंतून जी उष्णता निघते ती जात बघत नाही. पळवायचा तर उजाडायच्या आत.

केस भादरणं

हस्कीच्या मालकांनो, वस्तरा ठेवा खाली. दुहेरी केसांच्या कुत्र्याचा वरचा थर ऊन अडवतो. तो काढला की कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आतला मऊ, सुटलेला कापसासारखा थर लोखंडी विंचरणीने रोज काढा. वेळ लागतो, हात दुखतो. तेवढंच काम आहे.

आणि आणण्याआधी विचारलंत तर माझं उत्तर स्पष्ट आहे: विदर्भात हस्की, सेंट बर्नार्ड हे थंड मुलखातले कुत्रे नकोत. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणणं केंद्राने 2016 मध्ये बंद केलं, तरी इथली पैदास चालूच आहे, कारण गिऱ्हाईक आहे. तरी हस्कीपेक्षा मला पगची जास्त काळजी वाटते. त्याचं नाकच चेपलेलं, धापायला आत जागाच कमी. पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू यांना उन्हात नेलेलं मला दिसलं तर मी रस्त्यात थांबवून बोलतो.

कूलर लावून खिडकी बंद करणं

वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर एप्रिलच्या कोरड्या हवेत उत्तम. पण दमट हवा बाहेर जायला वाट हवी. खोली बंद ठेवली की दमटपणा साचतो, दमट हवेत धापून पाणी उडत नाही आणि कुत्रा गार वाऱ्यासमोर बसूनही तापत जातो. मुंबई-कोकणात म्हणूनच 33 अंशातही ऊन लागतं. नागपुरात हा धोका जूनमध्ये येतो, पहिला पाऊस पडून गेल्यावर, जेव्हा सगळे निर्धास्त होतात.

ऊन लागल्यावर केलेले उलटे उपाय

क्रोसिन देतात. ऊन लागणं म्हणजे ताप नव्हे, तापाच्या गोळीने ते उतरत नाही आणि माणसांची ही औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात. आयबुप्रोफेन तर नकोच नको.

तोंडात जबरदस्तीने पाणी ओततात. ते फुप्फुसात जातं. शुद्धीवर असेल तर भांडं पुढे ठेवा, स्वतः पिऊ द्या.

ओला टॉवेल पांघरून ठेवतात. थोड्या वेळात तो टॉवेलच गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो. पाणी ओतत राहायचं आणि पंखा लावायचा.

कुत्र्याला गाडीत टाकून आधी दवाखाना गाठतात. आधी भिजवा, मग निघा, आणि गाडीतही ओला ठेवा, एसी सुरू, खिडक्या थोड्या उघड्या. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघत राहा. 103 फॅरनहाइटवर आलं की भिजवणं थांबवा, नाहीतर पुढे ते फार खाली घसरतं.

उठून शेपूट हलवायला लागला म्हणून घरीच ठेवतात. कृपा करून असं करू नका. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते ती पुढच्या एक-दोन दिवसांत कळते. सावरलेला दिसला तरी डॉक्टरला दाखवायचाच.

बाकीच्या, थोडक्यात

संध्याकाळी सहाला फिरायला नेणं: ऊन कललेलं असतं, रस्ता नाही. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा, जमलं नाही तर परत फिरा. मी मे महिन्यात फक्त पहाटे नेतो.

बंद गाडीत "पाच मिनिटं" ठेवणं: दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढू शकतं. गाडी सावलीत असली तरी काच बंद म्हणजे बंद.

स्टीलचं भांडं उन्हात ठेवणं: पाणी चहाइतकं तापतं. मातीची कुंडी, सावलीत, दोन ठिकाणी.

भर दुपारी जेवण: सकाळी लवकर आणि रात्री द्या. उन्हाळ्यात थोडं कमी खाणं हा आजार नाही. दोन दिवस तोंडच लावलं नाही तर मात्र डॉक्टर.

गोचिडांकडे दुर्लक्ष: गोचिडतापात कुत्रा सुस्त पडतो, हिरड्या फिकट होतात आणि घरचे म्हणतात ऊन आहे. रोज कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघा.

दिवसभर एसीत ठेवून चारला बाहेर काढणं: शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडे लागतात. फेब्रुवारीपासून हळूहळू अंगणात बसवा.

मुलांना सुट्टी लागली म्हणून मे महिन्यात पिल्लू आणणं: थांबा. पावसाळा स्थिरावू द्या, तोवर जवळच्या शेल्टरमध्ये जाऊन मुलांना तिथल्या कुत्र्यांसोबत बसू द्या, आणि कुठल्या जातीचा हवा ते मुलांनी तिथे एखादा ओळखीचा केल्यावर विचारा.